आपल्या पूर्वजांची नावे कोठे शोधावीत ?

आपले मूळ पुरुष कोणत्या राजाबरोबर, कोणत्या गडावरून खानदेशात उतरले हे आपणांपैकी बहुतेकांस तोंडपाठ असते. मात्र पणजोबांच्या वडिलांचे नाव विचारले की सभा स्तब्ध होते. ही उणीव पूर्वी केवळ अभिमानापुरती होती. आता ती संसाराच्या व्यवहारात आडवी येऊ लागली आहे. जात पडताळणीसाठी इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, तर विमुक्त जाती व भटक्या जमातींस २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो, आणि त्या पुराव्यातील पुरुषाशी आपले नाते वंशावळीनेच सिद्ध होते. मुलाचा प्रवेश तोंडावर आल्यावर आजोबांच्या दाखल्यासाठी तालुक्याला खेटे घालणारी कुटुंबे आम्ही दरसाल पाहतो.

पूर्वी हे काम दोघे करीत. एक, गावोगाव फिरून वही वाचणारे भाट. दुसरे, नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय, ज्यांच्या नामावळीत यात्रेस आलेल्या यजमानाच्या स्वहस्ताक्षरात त्याचे, बापाचे, आजाचे व भावंडांचे नाव आढळते. गुजरातेतील वहीवंचा बारोटांवर श्री. अ. म. शहा व श्री. र. गो. श्रॉफ यांनी १९५८ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात या वर्गास वंशावळकार व पुराणकथाकार अशी दोन्ही नावे दिली आहेत. आम्हांस ते फार मार्मिक वाटते. वहीतील अलीकडच्या सहा-सात पिढ्या विश्वसनीय मानाव्यात. त्यापलीकडे सूर्यवंश-चंद्रवंश सुरू झाला की वही आदराने मिटावी.

विलायतेत व अमेरिकेत हे शोधकार्य शिकविणाऱ्या छापील पुस्तिका असत. अमेरिकेतील युटा प्रांतात १८९४ साली वंशावळ संशोधनाची एक संस्था स्थापन झाली. तिने देशोदेशींच्या नोंदींची सूक्ष्मचित्रे घेतली. त्यांची गुंडाळी चोवीस लाखांवर गेली. कोणत्या देशात कोणते दप्तर पाहावे हे सांगणाऱ्या तिच्या मार्गदर्शक पुस्तिकाही निघत. पुढे त्या छापणे थांबले, २०१७ साली सूक्ष्मचित्रे पाठविणेही बंद झाले, आणि सारा ठेवा ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर गेला. तेथे हरिद्वारादी क्षेत्रांच्या पंड्यांच्या वह्यांची चित्रेही आहेत. सातासमुद्रापलीकडच्या लोकांनी आपल्या तीर्थांच्या वह्या जपाव्यात आणि आपण आपल्याच घरातील कागद वाळवीस द्यावेत, हे काही भूषण नव्हे !

आपल्याकडील छापील साधनांचीही तीच गत झाली. १८८० सालचा खानदेशचा गॅझेटियर, ज्यात ज्ञातींची व गावांची माहिती आहे, दुकानात मिळणे आता दुरापास्त. तो संगणकाच्या पडद्यावर मात्र फुकट वाचावयास मिळतो. इतिहासाचार्य राजवाडे यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड असेच. त्यांच्या मृत्यूनंतर १९२७ साली धुळ्यास स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ तर आपल्या दाराशीच आहे.

परंतु पडद्यावर नाव टंकले की पूर्वज प्रकट होतो, हा भ्रम कोणी बाळगू नये. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्यापूर्वीचा कागद ‘नंदुरबार जिल्हा’ या शब्दांनी शोधणाऱ्यास काय सापडणार ? शहादे, तळोदे, नवापूर ही नावे धुळे जिल्ह्याखाली पाहावी लागतात. त्याआधीची पश्चिम खानदेशाखाली. आणि १९०६ पूर्वीची नुसत्या ‘खानदेश’ या शब्दाखाली, कारण पूर्व व पश्चिम ही वाटणी त्या साली झाली. १८१८ पूर्वी तर इंग्रजी अंमलच नव्हता. सरदार सरोवराने अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित केली. तेथील कुटुंबे नव्या वसाहतींत गेली, पण त्यांचे जुने कागद जुन्या गावांच्याच नावांनी राहिले. यास्तव घराण्याच्या टिपणात गावाचे नाव त्या त्या काळच्या तालुक्यासह लिहावे.

सर्वांत उपयुक्त कागद कोणता, असे विचाराल तर आम्ही कोतवाल बुकाचे, म्हणजे गाव नमुना १४ चे नाव घेऊ. त्यात जन्ममृत्यूच्या नोंदीसमोर जातही लिहिलेली असते. २०२३ साली कुणबी नोंदींसाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा राज्यभर ही दप्तरे उघडली गेली आणि सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढविल्या गेल्या. ज्या दप्तरावर वर्षानुवर्षे धूळ होती, ते घरबसल्या दिसू लागले. मात्र या जुन्या नोंदींपैकी कित्येक मोडीत आहेत. मोडीतील आडनाव वाचता न आल्याने समोर आलेला आजा ओळखता येत नाही. मोडी वाचणारे वृद्ध ज्ञातीत विरळ होत आहेत, तेव्हा ज्यांच्या घरी जुनी खतपत्रे असतील त्यांनी ती अशा एखाद्या जाणत्याकडून आताच वाचवून घ्यावीत. पानांची छायाचित्रे काढून ठेवणे हे तर मोबाईल असलेल्या कोणत्याही नातवास जमण्याजोगे आहे.

त्र्यंबकेश्वरी जाणाऱ्यांनी घरून निघतानाच आडनाव, मूळ गाव व माहीत असलेल्या वडीलधाऱ्यांची नावे कागदावर लिहून न्यावीत. उपाध्याय प्रथम गाव व आडनाव विचारतात आणि त्यावरूनच चोपडी काढतात. नोंद सापडली की तिच्याखाली आपले, भावांचे व मुलांचे नाव तारखेसह घालावे. मुलींचीही घालावीत, जुन्या पानांवर त्या फारशा आढळत नाहीत.