मैलापाण्याचा पंप बंद पडतो तेव्हा

इमारतीतील मैलापाणी साधारणतः उतारानेच रस्त्याखालच्या मलवाहिनीत पोहोचते. तळघरात स्वच्छतागृह असेल किंवा इमारतच रस्त्यापेक्षा सखल जागी असेल, तर मात्र हा उतार मिळत नाही. मग ते पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत साठवून पंपाने वर चढवावे लागते. पुण्या-मुंबईतील तळघरांच्या इमारतींत आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्र असलेल्या गृहसंकुलांत असे पंप आढळतात. दुर्गंधी जिन्यापर्यंत येईस्तोवर त्यांची आठवण मात्र सहसा कुणाला होत नाही.

पंप थांबल्याचे कळताच टाकीत येणारे पाणी आधी थांबवावे. त्या टाकीला जोडलेली स्वच्छतागृहे, न्हाणीघरे आणि धुलाई यंत्रे बंद ठेवण्याची सूचना रहिवाशांना तातडीने द्यावी. त्यानंतर तपासणीची सुरुवात विजेच्या पॅनेलपासून करावी. पुरवठा आहे का, तीनही फेज येत आहेत का, ओव्हरलोड रिले पडला आहे का, हे वायरमनला काही मिनिटांत समजते. गळतीरोधक स्विच वारंवार पडत असेल, तर पंपाचे सील खराब होऊन मोटारीत किंवा केबलच्या जोडात पाणी शिरल्याची शक्यता मोठी असते. तो स्विच वगळून थेट जोडणी देण्याचा ‘तात्पुरता’ उपाय अनेक ठिकाणी सर्रास केला जातो. ओल्या तळघरात तो जीवघेणा ठरू शकतो.

वीज ठीक असेल, तर पुढचा संशयित म्हणजे फ्लोट स्विच. पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होणारा हा तरंगता खटका पंप चालू आणि बंद करतो. तेलकट साय, चिंध्या किंवा स्वतःचीच वायर यात तो अडकला, की टाकी भरूनही पंप सुरू होत नाही किंवा टाकी उपसून झाली तरी थांबत नाही. दुसरा प्रकार अधिक महागात पडतो, कारण अनेक पाणबुडी पंपांची मोटार भोवतालच्या पाण्यानेच थंड राहते. पॅनेलवरील ‘मॅन्युअल’ खटक्याने पंप सुरू झाला, तर दोष बहुधा फ्लोटमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे, असे समजावे.

पंपाचा आवाज येतो पण पाणी हलत नाही, ही तक्रार वेगळी. येथे इम्पेलरमध्ये काहीतरी अडकलेले असते, पंपात हवा कोंडलेली असते किंवा वर जाणारा नळ तुंबलेला असतो. सॅनिटरी पॅड, डायपर, ओले पुसणे, केसांचे गुंते आणि शाम्पूच्या पुड्या हे नेहमीचे अपराधी. वेष्टनावर ‘फ्लश करता येते’ असे छापले असले, तरी ही पुसणी कागदासारखी विरघळत नाहीत. तीन फेजच्या पंपात मात्र आणखी एक शक्यता पाहावी. केबल किंवा मीटरच्या कामानंतर फेजचा क्रम बदलला असेल, तर मोटार उलटी फिरते आणि पाणी जेमतेम चढते. दोन फेजची अदलाबदल केली, की काम होते. तेवढ्यासाठी नवा पंप घेण्याची गरज नसते.

पंप थांबताच पाणी टाकीत परत येऊन तो पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, तर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह तपासावा. पावसाळ्यातच टाकी भरून वाहत असेल, तर गच्चीच्या किंवा आवारातील पाण्याची जोडणी चुकून मैलाटाकीला दिलेली नाही ना, हे पाहणे अगत्याचे.

या साऱ्या तपासणीत एक गोष्ट कदापि करू नये. दुरुस्तीसाठी माणसाला टाकीत उतरवू नये. कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू निर्माण होतो. त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. मात्र हवेत त्याचे प्रमाण दशलक्षात सुमारे शंभर भाग झाले, की घ्राणेंद्रियच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका टळला, ही समजूत त्यामुळे घातक ठरते. गाळ ढवळला, की साचलेला वायू एकदम बाहेर पडतो. दिवा सोडून हवा तपासण्याची जुनी रीतही येथे निरुपयोगी आहे, कारण टाकीतील मिथेन पेट घेऊ शकतो. बेशुद्ध पडलेल्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो आणि तोही दगावतो, अशा बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत.

गटारे व मैलाटाक्यांची धोकादायक सफाई करवून घेण्यास २०१३ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. पहिल्या गुन्ह्यासाठीच दोन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गटारसफाईत मृत्यू झाल्यास द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली.

पंप साखळीने व मार्गदर्शक दांड्यांवरून वरूनच उचलता येईल, अशी रचना असावी. ती नसल्यास आधी सक्शन टँकरने टाकी उपसून घ्यावी आणि काम यंत्रसामग्री असलेल्या संस्थेकडेच सोपवावे. नवी बसवणी करताना आळीपाळीने चालणारे दोन पंप आणि पाणी धोक्याच्या पातळीवर जाताच वाजणारी घंटा यांवर केलेला खर्च वाया जात नाही. टाकी ओसंडली असेल आणि पिण्याच्या पाण्याची भूमिगत टाकी जवळच असेल, तर गच्चीवरील टाकीत पाणी चढवणारा पंप लगेच थांबवावा. भूमिगत टाकी रिकामी करून, धुऊन व निर्जंतुक करून पाण्याच्या नमुन्याची तपासणी झाल्याशिवाय तो पुन्हा सुरू करू नये.