शहाबादी फरशी आणि तिचे डाग

शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड. गुलबर्ग्याजवळच्या, पूर्वी निजामाच्या राज्यात असलेल्या शहाबाद गावावरून तिला हे नाव मिळाले. भीमेच्या खोऱ्यातला हा खडक थरांचा असल्यामुळे त्याच्या सपाट लाद्या निघतात. अडचण होती ती त्यांच्या वजनाची. 1871 साली मुंबईकडून आलेला लोहमार्ग रायचूरला मद्रासच्या मार्गाला मिळाला आणि शहाबाद नेमके त्याच वाटेवर पडले. रेल्वेच्या वाघिणींतून लाद्या पश्चिमेकडे येऊ लागल्या. पुढे वाडे, चाळी, शाळा, फलाट, जिथे तिथे ही राखाडी फरशी दिसू लागली.

त्याआधी बहुतेक घरांत शेणाने सारवलेली जमीन असे. तिथे डागाची कोणाला फिकीर नव्हती. पुढच्या सारवणात तो गाडला जाई. दगडावर मात्र तो मुरून बसतो.

सर्वांत चिवट डाग तेलाचा, चुलीपुढचा किंवा समईखालचा. तेल सांडताच त्यावर राख वा पीठ टाकण्याची घरगुती रीत योग्यच होती, कारण कोरडी पूड तेल शोषून घेते. मुरलेल्या डागासाठी हेच तत्त्व सावकाश वापरावे लागते. खडूची पूड आणि धुण्याचा सोडा पाण्यात कालवून जाड लेप थापायचा आणि तो पूर्ण वाळू द्यायचा. वाळताना तेल लेपात ओढले जाते. एका लेपात काम क्वचितच भागते.

हळदीची तऱ्हा वेगळी. तिच्या डागावर सोडा किंवा साबण पडला की तो लाल होतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तोच हा प्रकार. डाग वाढला असे वाटून घाबरण्याचे कारण नाही. हळदीचा रंग उन्हाने विटतो, पण माजघरात ऊन येणार कुठून? पलंगाच्या लोखंडी पायाखाली पावसाळ्यात उमटणारे तांबूस कडे गंजाचे असते. त्यावर पानाची पिंक पडली, तर कातातल्या टॅनिनमुळे गंज काळा पडतो.

फरशीचे खरे नुकसान मात्र आंबटाने केले. मोरीत तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासली जात आणि चोथा लादीवर पडे. तिथे उमटणारे पांढुरके चट्टे हे डाग नव्हेत, ती झीज आहे; चुनखडी आम्लात विरघळते. लिंबाचा थेंब गुळगुळीत लादीवर पडू द्यावा: बारीक बुडबुडे येतात, आणि पुसल्यावर थेंबाएवढी जागा निस्तेज दिसते. बाटलीतले ॲसिड घरोघरी आले तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर घडले. फसफसून येणारा फेस पाहून मळ निघतोय असे वाटे. प्रत्यक्षात तो दगडातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड होता. लाद्यांमधल्या चुन्याच्या दरजाही त्यात खाल्ल्या गेल्या, पाणी मुरू लागले.

झिजलेल्या जागेवर कोणताही लेप चालत नाही. तिथे पॉलिशवाल्याचे यंत्र लागते: आधी भरड, मग क्रमाने बारीक घासदगड, भरपूर पाणी, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडच्या पुडीचा हात. ही पूड विषारी असते. चट्टा जितका खोल, तितका आजूबाजूचा दगडही उतरवावा लागतो.