गहाण पडलेलं वऱ्हाड

चौथीच्या सहलीला आजीनं दशम्या बांधून दिल्या होत्या. दुधात भिजवलेल्या, तुपाचा हात फिरवलेल्या. सोबत जवसाची चटणी आणि गुळाचा खडा. फडक्याला गाठ मारताना ती म्हणाली, "चिखलदऱ्याले थंडी लय असते बापा, सोटर काढू नोको." आबाजी ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, "लढाई पाह्यले चालला म्हना गडी. पाहून ये. मंग मी तुले कागद दाखवतो."

साल एकाहत्तर असेल किंवा बाहत्तर. मोठा दुष्काळ त्यानंतर पडला, एवढं आठवतं.

चौथीला इतिहास म्हणजे शिवाजी महाराज. १६७० साली महाराजांनी आमचं कारंजं लुटलं, हे गुरुजी मोठ्या अभिमानानं सांगत. केवढं श्रीमंत गाव असेल! आजीच्या गोष्टीत तर इथल्या एका सावकारानं परदेशी व्यापाऱ्याची सगळी कस्तुरी विकत घेऊन वाड्याच्या चुन्यात कालवली होती. पावसाळ्यात त्या भिंतींना वास येतो म्हणायची. मला तो कधी आला नाही, पण आजीला येत असणार. पुस्तकात नसलेला इंग्रजही पोरांना दिसावा, म्हणून गुरुजींनी चिखलदऱ्याचा गाविलगड ठरवला होता.

कारंज्याहून शकुंतलेनं मूर्तिजापूर, तिथून दुसऱ्या शकुंतलेनं अचलपूर, पुढे एस.टी. शकुंतला म्हणजे आमची अरुंद रुळांची गाडी. चढ लागला की पोट्टे उतरून तिच्या बाजूनं पळायचे. मँचेस्टरला १९२१ साली घडवलेलं इंजिन या मार्गावर पुढे १९९४ पर्यंत धावलं. ते मँचेस्टरहून आलं आणि वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांकडे गेला, हे गुरुजींनी डब्यात सांगितलं, तेव्हा आम्ही शेंगा फोडत होतो. हे रूळ टाकले होते किलिक निक्सन कंपनीनं. देश स्वतंत्र झाल्यावरही ते खासगी कंपनीचेच राहिले.

गाविलगडाच्या दिल्ली दरवाज्याशी पोचलो तर आम्ही ओरडलोच, "आपल्या गावाची दिल्ली वेस!" आमच्या कारंज्यालाही दिल्ली, दारव्हा, पोहा आणि मंगरूळ अशा चार वेशी. आत कमरेएवढं गवत होतं. एका तोफेवर मी हात ठेवला. उन्हातही लोखंड गारच होतं. गुरुजींनी तिथेच बसवून घेतलं आणि १८०३ चा डिसेंबर सांगितला. इंग्रज सेनापती वेलस्ली दक्षिणेला, आणि स्टीव्हन्सनच्या फौजेनं तोफा ओढत डोंगरातून वळसा घालून उत्तरेला आणलेल्या. १५ तारखेला तट फुटला. नागपूरकर भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख, म्हणजे आमचं वऱ्हाड, भोसल्यांच्या हातून जाऊन निजामाला मिळाला. बेनीसिंगाचं नाव ऐकून आमच्यातला एक जण रडला होता. मीच असेन बहुतेक. घरून आणलेल्या दशम्या मग आम्ही त्या तटाखालीच खाल्ल्या.

घरी आलो तो थेट आबाजींच्या पुढ्यात. ते आयुष्यभर जिनिंगमध्ये दिवाणजी. व्याज त्यांना तोंडपाठ. माझी सगळी लढाई ऐकून घेतली आणि म्हणाले, "बेनीसिंग मर्द गडी. पन वऱ्हाड इंग्रजाकडे गेलं ते तोफेनं नाही, कर्जापायी गेलं."

मग त्यांनी मला निजामाचं खातं उलगडून दाखवलं. निजामाच्या खर्चानं इंग्रजांनी कंटिंजंट नावाची फौज उभी केली. तिचे हुकूम इंग्रजांचे, पगार निजामाचा. पगार थकला की कर्ज. हैदराबादच्या पामर कंपनीनं तर जबर व्याजानं पैसे दिलेले. शेवटी १८५३ साली त्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीला लावून दिलं. नाव निजामाचं, वसुली इंग्रजांची. "यालेच गहाण म्हन्तेत," आबाजी म्हणाले. १९०२ साली तर वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचाच पट्टा लिहून घेतला. आपला जन्म पट्ट्याच्या सालातला, असं ते सांगायचे. खरं होतं की नाही देव जाणे. जन्माचा दाखला नव्हता.

इंग्रजांच्या जमीन बंदोबस्तात वावरं शेतकऱ्यांच्या नावावर झाली, आणि नावावर झाली तशी गहाणही पडू लागली. आबाजींनी संदुकीतून ताडपत्रीत गुंडाळलेला कागद काढला. त्यांच्या वडिलांचं गहाणखत. खाली काळपट अंगठा. आबाजींनी माझं बोट धरून त्या अंगठ्यावर टेकवलं आणि विचारलं, "पाह्यली लढाई?" आजी आतून ओरडली, "लेकराले जेवू द्या ना!" त्या दिवशी पानगे होते आणि वांग्याची भाजी.

मी पुढे वऱ्हाडाबद्दल जे वाचलं, त्यात आबाजींचं खातं खोटं निघालं नाही. १८५३, १९०२, २५ लाख. सगळे आकडे जुळले.

आबाजी गेले, आजी गेली, शकुंतलाही थांबली. कागद माझ्याकडे आहे. सहा एकर वावर, चतुःसीमा, दोन साक्षीदार. रकमेचा आकडा नेमका घडीवर आलाय आणि घडी फाटली आहे. वावर सुटलं नाही.