कंबर कसण्याचे शास्त्र

माणसाची सगळी उमेद आपल्या भाषेने कमरेत साठवून ठेवली आहे. मोठे काम अंगावर घ्यायचे झाले की आपण कंबर कसतो. संकट कोसळले की आपली कंबर खचते. आणि महागाई तर ती मोडूनच टाकते. एरवी मात्र या कमरेची आठवण आपल्याला नसते. एखाद्या सकाळी वाकून पाण्याची बादली उचलावी, पाठीत चमक भरावी आणि माणूस जागच्या जागी काटकोनात उभा राहावा, तेव्हा ती आठवते. मग घरात सल्ल्यांचा पाऊस पडतो. कुणी विटेने शेकायला सांगतो, कुणी पायाळू माणसाचा पाय लावून घे म्हणतो. इतर बाबतींत मतभेद असले तरी शेवटच्या सल्ल्यावर साऱ्यांचे एकमत होते : “आता चार दिवस अंथरुणावरून हलू नकोस बघू!”

वाचकहो, हा शेवटचा सल्ला आजीबाईच्या बटव्यातला नव्हे. शे-सव्वाशे वर्षे तो डॉक्टरांचाही सल्ला होता. तो कसा आला आणि कसा गेला, हे आज पाहू.

इंग्लंडमध्ये जॉन हिल्टन नावाचा एक शल्यवैद्य होऊन गेला. विश्रांती आणि वेदना या विषयावरची त्याची व्याख्याने १८६३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. वेदना म्हणजे शरीराने मागितलेली विश्रांती, असा त्यांचा इत्यर्थ. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन टॉमस याने तर विश्रांती सक्तीची, अखंड आणि दीर्घ असावी, असा आग्रहच धरला. त्या काळी ते योग्यही होते. मोडलेली हाडे आणि क्षयाने पोखरलेले सांधे यांवर दुसरा इलाजच नव्हता. पण मोडक्या हाडाचा नियम हळूहळू साध्या पाठदुखीलाही लागू झाला. पुढे १९३४ मध्ये बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यवैद्यांनी दाखवून दिले की, दोन मणक्यांमधली गादी फाटून बाहेर आली म्हणजे मज्जातंतू दाबला जातो आणि पायात कळा येतात. शोध मोठाच होता. पण त्यामुळे लोकांच्या मनात एक चित्र घट्ट बसले : पाठ म्हणजे यंत्र, दुखणे म्हणजे झिजलेला भाग, आणि झिजलेला भाग जपायचा तर यंत्र बंद ठेवायचे!

याच सुमारास नव्हे, तर त्याच्याही कितीतरी आधीपासून, विद्येचा दुसरा एक झरा वाहत होता. इटलीच्या जोव्हान्नी बोरेल्ली याचा प्राण्यांच्या हालचालींवरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८० मध्ये प्रसिद्ध होऊ लागला. आपले स्नायू सांध्याच्या अगदी जवळ बांधलेले असतात. म्हणून हातातले ओझे थोडे असले तरी स्नायूला त्याच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो, हे त्याने तरफेच्या नियमाने मांडले. बादली अंगाजवळ धरली तर हलकी आणि हात लांब करून धरली तर जड का वाटते, याचे उत्तर त्यात आहे. पॅरिसच्या एत्येन-झ्यूल मारे याने १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा करून उडत्या पक्ष्याची एका सेकंदात बारा छायाचित्रे टिपली. डोळ्याला न दिसणारी हालचाल आता मोजता येऊ लागली. १९६० नंतरच्या दशकात स्वीडनच्या आल्फ नाकेमसन याने तर जिवंत माणसाच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून तिच्यातला दाबच मोजला! जर्मनीतल्या उल्म येथे १९९९ मध्ये असाच प्रयोग पुन्हा झाला. वीस किलोचे ओझे पाठ वाकवून उचलले तेव्हा नुसते उभे राहण्याच्या चौपटीहून जास्त दाब भरला. गुडघे वाकवून उचलले तेव्हा तो बराच कमी झाला.

आता हे दोन झरे एका माणसाच्या पाठीत कसे एकत्र आले, ते ऐका. तो माणूस ऑस्ट्रेलियाचा जलदगती गोलंदाज डेनिस लिली.

लिलीने १९७२ च्या इंग्लंड दौऱ्यात पाच कसोट्यांत ३१ बळी घेतले. धावत येण्यात वादळ होते, फेकीत आग होती. पण पाठ कुरकुरू लागली होती. १९७३ च्या आरंभी वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर पहिल्या कसोटीनंतर त्याला खेळताच येईना. कमरेच्या मणक्यांत ताणाने भेगा पडल्याचे निदान झाले. वय अवघे तेवीस. छातीपासून खाली नितंबांपर्यंत सहा आठवडे प्लास्टर चढले. जलद गोलंदाजाची पाठ मोडली की त्याची गोलंदाजी संपली, असेच तेव्हा बहुतेकांना वाटे.

इथवर हिल्टन-टॉमसचा मार्ग झाला, आणि भेग सांधण्यापुरता तो बरोबरच होता. पण लिलीची खरी गोष्ट प्लास्टर निघाल्यावर सुरू होते. पर्थच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात डॉ. फ्रँक पाइक हे शारीरिक शिक्षणाचे अध्यापक होते. त्यांनी लिलीला हाताशी धरले. पोटाचे, पाठीचे, पायांचे स्नायू बळकट करायचे. धावणे पायरीपायरीने वाढवायचे. आणि मग गोलंदाजीची ढबच अशी बसवायची की पाठीला पीळ कमी पडावा. घाई नाही, पण थांबणेही नाही. नोव्हेंबर १९७४ मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत लिली पुन्हा मैदानात उतरला आणि त्या मालिकेत त्याने इंग्लंडचे २५ गडी टिपले. १९८४ च्या जानेवारीत तो निवृत्त झाला तेव्हा ७० कसोट्यांत ३५५ बळी त्याच्या नावावर होते. तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. कंबर खचलेल्या माणसाने कंबर कसली, ती अशी.

तुम्ही म्हणाल, हा एका जिद्दी माणसाचा पराक्रम झाला. त्यात शास्त्र कुठे आहे? शास्त्र त्याच पर्थ शहरात पुढे उभे राहिले. डॅरिल फॉस्टर, ब्रूस इलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८२ होतकरू गोलंदाज निवडले. मुले सरासरी सोळा-सतरा वर्षांची. हंगामापूर्वी त्यांची गोलंदाजी चित्रित केली, अंग तपासले आणि हंगामभर कुणाची पाठ दुखते ते पाहिले. १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शंभरात अकरा मुलांच्या मणक्याला भेग पडली होती, आणि आणखी सत्तावीस जण पाठीच्या मऊ भागांच्या दुखापतीने सामन्यांना मुकले होते.

कारण काय? गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा त्याच्या वजनाच्या पाचपट आणि कधी त्याहूनही मोठा धक्का अंगात चढतो. त्याच क्षणी कंबर मागे कमानते, एका बाजूला झुकते आणि पिळवटते. काहींचे खांदे आणि नितंब एकाच दिशेने वळतात. त्यांचे बरे चालते. पण काहींचे नितंब एकीकडे पाहतात आणि खांदे दुसरीकडे. मागचा पाय टेकल्यापासून पुढचा पाय टेकेपर्यंत ज्यांचे खांदे चाळीस अंशांहून जास्त फिरत, त्यांच्यात भेगांचे प्रमाण अधिक आढळले. उजव्या हाताने फेकणाऱ्याची भेग बहुधा डाव्या बाजूला असते. त्यात पोरवयातली कोवळी हाडे आणि षटकांमागून षटके! तार एका जागी पुन्हापुन्हा वाकवली तर तुटते ना, तसेच हे. म्हणूनच अनेक देशांत आता कोवळ्या गोलंदाजांनी एका दमात आणि एका दिवसात किती षटके टाकावीत, याला मर्यादा घालून दिलेली आहे.

ही विद्या आपल्या दारीही आली. मद्रासला १९८७ मध्ये एम. आर. एफ. पेस फाउंडेशन सुरू झाले आणि खुद्द लिली तिथे पंचवीस वर्षे मार्गदर्शन करीत होता. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान तिथेच घडला. जसप्रीत बुमराच्या पाठीवर मार्च २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. ऑगस्टमध्ये तो पुन्हा चेंडू टाकू लागला आणि २०२४ च्या विसावीस षटकांच्या विश्वचषकात स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पन्नास वर्षांपूर्वीचे आश्चर्य आता जवळजवळ रीतीत जमा झाले आहे.

पण आपण काही लिली नव्हे, आणि आपली बादली म्हणजे कसोटी सामना नव्हे. गोलंदाजाची भेग निराळी आणि आपली नेहमीची कंबरदुखी निराळी. भेगेला काही काळ विसावा हवाच. साध्या कंबरदुखीचे काय? १९८६ मध्ये अमेरिकेत रिचर्ड डेयो यांनी काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस निजून राहण्यास सांगितले. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले, आणि त्यांचे नुकसान काहीच झाले नाही! १९९५ मध्ये हेलसिंकीत १८६ नगरपालिका-नोकरांवर प्रयोग झाला. निजून राहणारे, खास व्यायाम करणारे आणि झेपेल तसे रोजचे व्यवहार करणारे, यांत तिसरे सर्वांत लवकर सावरले.

मग दुखणे वर्षानुवर्षे मुरलेले असले तर? १९९७ मध्ये पर्थलाच पीटर ओसुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी मणक्यात जुनी भेग असलेल्या, सतत पाठ दुखणाऱ्या ४४ जणांवर प्रयोग केला. ज्यांना दहा आठवडे पोटाच्या आणि पाठीच्या खोल स्नायूंचे व्यायाम शिकवले, त्यांचा आराम अडीच वर्षांनंतरही टिकून होता. पुढे नेहमीच्या कंबरदुखीवर पुष्कळ तपासण्या झाल्या आणि कळले की अमुकच एक व्यायाम रामबाण असे नाही. चालणे, पोहणे, वजने उचलणे, यांपैकी जे नेमाने होईल ते उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९९४ मध्ये अमेरिकेत पाठ न दुखणाऱ्या ९८ धडधाकट माणसांच्या मणक्यांची चुंबकीय चित्रे काढली. निम्म्याहून अधिक लोकांच्या गाद्या कुठे ना कुठे फुगलेल्या निघाल्या, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता! म्हणजे चित्रात झीज दिसली म्हणून पाठ मोडीत निघाली, असे समजण्याचे कारण नाही. जुनाट दुखण्यात झिजेपेक्षा भीतीच पुष्कळदा माणसाला जखडते. वाकलो तर मोडेन, म्हणून तो वाकत नाही. वाकत नाही म्हणून आखडतो. आखडल्यामुळे वाकताना दुखते, आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते. हे चक्र थोडेथोडे वाकूनच तोडावे लागते.

अर्थात तारतम्य हवे. पायातली शक्ती जाऊ लागली, लघवीवरचा ताबा सुटला, ताप येऊन पाठ दुखू लागली किंवा पडल्या-आपटल्यानंतर कळ आली, तर व्यायाम नको. तडक डॉक्टर गाठावा. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा गोलंदाजी करताना कमरेच्या एकाच बाजूला दुखते म्हणत असेल, तर “खेळताना दुखायचंच” म्हणून त्याला चेंडू परत देऊ नका. त्याची तपासणी करा. तिथे थांबणे हेच शहाणपण.

एरवी मात्र पुन्हा कधी चमक भरली, तर शेक घ्या, हवा तर पायाळू माणसाचा पायही लावून घ्या; त्याने कुणाचे बिघडत नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भिंतीचा आधार घेऊन उठा आणि अंगणापर्यंत जाऊन या. परवा फाटकापर्यंत जाल. कंबर कसणे म्हणतात ते असे, थोडेथोडे आणि रोज.