मोटारीतील ध्वनियंत्रणा आणि ‘बारा व्होल्ट’

मोटारीत ध्वनियंत्रणा बसविताना किती व्होल्टची बॅटरी योग्य, हा प्रश्न सामान्यतः कारागिराचा मानला जातो. वस्तुतः त्याच्या उत्तराचा मोठा भाग इतिहासात दडलेला आहे. आणि तो इतिहास पाहता असे दिसते की, दाबाची निवड प्रायः वाहनाने केली व ध्वनियंत्रणेने ती पत्करली.

१९३० साली अमेरिकेत पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीने ‘मोटोरोला’ या नावाचा मोटार-रेडिओ पुढे आणला, तेव्हा तेथील मोटारींत सर्वसाधारणपणे ६ व्होल्टची बॅटरी असे. रेडिओतील व्हॉल्व्हना मात्र याहून कितीतरी अधिक दाब लागे. आरंभी त्यासाठी कोरड्या बॅटऱ्यांचा निराळा संच मोटारीत ठेवावा लागे. पुढे ‘व्हायब्रेटर’ आला. त्याची कंप पावणारी पट्टी एकदिश प्रवाह सतत खंडित करी, आणि त्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या साहाय्याने दाब चढविणे शक्य होई.

१९५३ ते १९५६ या काळात अमेरिकन कारखानदार १२ व्होल्टकडे वळले. कॅडिलॅकने १९५३ मध्ये, शेव्हरोलेने १९५५ मध्ये, तर फोर्डने १९५६ मध्ये हा बदल केला. याचे मुख्य कारण रेडिओ नव्हे. अधिक संपीडनाची मोठी एंजिने सुरू करण्यास अधिक शक्ती लागे, आणि दाब दुप्पट केला असता तेवढ्याच शक्तीस निम्मा प्रवाह पुरतो. योगायोगाने १९५५ सालीच क्रायस्लर व फिल्को यांनी संपूर्ण ट्रान्झिस्टरचा मोटार-रेडिओ जाहीर केला. ट्रान्झिस्टरला बॅटरीचाच दाब पुरत असल्यामुळे व्हायब्रेटरचे प्रयोजन उरले नाही.

भाषेच्या अभ्यासकास येथे एक गोष्ट विशेष जाणवते. ‘बारा व्होल्ट’ हे काटेकोर माप नसून रूढ नाम आहे. शिसे-आम्ल बॅटरीचा प्रत्येक घट पूर्ण भारलेला असता सुमारे २.१ व्होल्ट देतो. सहा घटांचे १२.६ होतात. एंजिन चालू असता हा दाब १४ च्या आसपास जातो. म्हणूनच ध्वनिवर्धकांची शक्ती पुष्कळदा १४.४ व्होल्ट गृहीत धरून सांगितली जाते. या दाबावर ४ ओहमच्या स्पीकरला सेतु-मंडलातून तत्त्वतः सुमारे २६ वॅटच अविकृत शक्ती मिळू शकते. एंजिन बंद असून दाब १२ वर आला, तर ती १८ वॅटवर येते. याहून अधिक शक्तीच्या वर्धकांत दाब वाढविणारे परिवर्तक आतच बसविलेले असते. व्हायब्रेटरचे जुने कार्य अशा प्रकारे नव्या रूपाने परत आले आहे.

तेव्हा केवळ मोठा आकडा पाहून बॅटरी निवडणे सयुक्तिक ठरत नाही. आठ घटांची १६ व्होल्टची बॅटरी १४ व्होल्टच्या अल्टरनेटरवर पूर्ण भारली जाणार नाही. बॅटरी, अल्टरनेटर आणि वर्धक या तिहींचा मेळ हाच योग्य दाबाचा निकष होय.