ड्रॅग शर्यतीचा इंजिन ब्लॉक
ड्रॅग शर्यतीचा इंजिन ब्लॉक : उभ्या जागेवरून सुटून पाव मैल (सुमारे ४०२ मी.) किंवा त्याहून कमी अंतर सरळ रेषेत कापणाऱ्या गाडीत, मोटार कंपनीच्या मूळ ब्लॉकऐवजी बसवला जाणारा, स्वतंत्र उत्पादकाने शर्यतीसाठीच घडवलेला ब्लॉक. सिलिंडर, क्रँकशाफ्टची बैठक, तेलापाण्याच्या वाटा हे सारे त्याच्याच अंगात असते. त्यामुळे ब्लॉक गेला की बहुधा इंजिनच जाते. अमेरिकेत डार्ट, वर्ल्ड प्रॉडक्ट्स यांसारख्या उत्पादकांनी या कामात नाव मिळवले.

मूळ ब्लॉक कुठे कमी पडतो हे फोर्डच्या ३०२ घनइंची (सुमारे ४.९ लिटर) व्ही-८ इंजिनावरून नीट कळते. १९६८ मध्ये आलेले हे इंजिन मस्टँगमुळे घरोघर पोहोचले. हलके, आटोपशीर आणि सुटे भाग मुबलक, म्हणून ड्रॅगच्या हौशी मंडळींचे ते लाडके झाले. रस्त्यावरच्या गाडीला पुरेल एवढेच बीड मात्र त्यात ओतलेले आहे. टर्बो, सुपरचार्जर किंवा नायट्रस लावून ताकद ५०० अश्वशक्तीच्या पुढे नेली, की त्याचा भरवसा राहत नाही. प्रत्येक स्फोटासरशी क्रँक खाली रेटला जातो, क्रँकला खालून धरणारी, दोनच बोल्टांवर आवळलेली मेन कॅप जागच्या जागी हलू लागते आणि बेअरिंगवरच्या पातळ आडभिंतीत चीर पडते. ती वर चढत लिफ्टरच्या खोबणीपर्यंत पोहोचली की ब्लॉक लांबीने दुभंगतो. सगळ्या कॅपना एकत्र बांधणारी पोलादी पट्टी बसवून काहीजण वेळ मारून नेतात. तिने कॅप आवरतात, भिंत मात्र होती तेवढीच पातळ राहते. मोठी ताकद काढायचीच असेल, तर हा खर्च वाया जातो.

म्हणून ब्लॉक घेताना आजच्या ताकदीपेक्षा पुढे जी गाठायची आहे ती धरावी, आणि सर्वांत आधी तळाची बाजू पाहावी : जाड आडभिंती, पोलादी मेन कॅप आणि प्रत्येकीला चार बोल्ट, त्यांतले बाहेरचे तिरके, म्हणजे ते भिंतीच्या भक्कम भागात रुततात. तेल आधी मेन बेअरिंगना मिळावे. शेवरोलेच्या जुन्या स्मॉल ब्लॉकमध्ये मात्र ते कॅमशाफ्टच्या बाजूने फिरून येते. आकारमान वाढवण्याची सोय त्यानंतर येते. ३०२ चा मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ३ इंच. त्याच उंचीच्या जाड भिंतींच्या ब्लॉकमध्ये ४.१२५ इंच बोअर आणि ३.४ इंच स्ट्रोक बसतो, आणि इंजिन ३६३ घनइंचांचे होते.

बीड की ॲल्युमिनियम, हा प्रश्न वजनाचा आणि पैशाचा. ॲल्युमिनियममुळे गाडीच्या नाकावरचा भार बराच उतरतो. बिघडलेला सिलिंडर स्लीव्ह बदलून आणि तडकलेला भाग वेल्डिंग करून पुन्हा वापरता येतो. पण ते तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे व्हॉल्व्हची फट गरम इंजिनात वेगळी आणि थंडात वेगळी भरते. किंमतही मोठी. रस्त्यावरही चालणाऱ्या गाडीला बिडाचाच ब्लॉक बरा. फक्त धावपट्टीवरच्या गाडीत पाण्याच्या पोकळीचा खालचा भाग खास सिमेंटने भरून सिलिंडर आणखी ताठ करतात. धाव काही सेकंदांची असल्याने तेवढे थंडावणे पुरते.

ॲल्युमिनियमच्या ब्लॉकांना वाट मिळाली ती एड डोनोव्हन यांच्यामुळे. क्रायस्लरच्या ३९२ घनइंची हेमी इंजिनाचे चांगले ब्लॉक दुर्मीळ होत चालले असताना, त्याच धर्तीवरचा ४१७ घनइंची ॲल्युमिनियम ब्लॉक त्यांनी १९७१ मध्ये आणला. पुढे कीथ ब्लॅक यांनी ४२६ हेमीच्या धर्तीवर ब्लॉक काढले. आजच्या टॉप फ्युएल या ड्रॅग-वर्गातल्या गाडीचा ब्लॉक घडीव ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरतात. त्यात पाण्याची वाट नसतेच, आणि प्रत्येक धावेनंतर इंजिन उघडून पाहतात.

पैसे मोजण्याआधी आपल्या वर्गाची नियमावली वाचणे भाग आहे; काही वर्गांत मूळ गाडीच्या घटकांवर कडक बंधने असतात. नवा ब्लॉक आला म्हणजे तो लगेच जोडायचा असेही नाही. बोअर बहुधा थोडा कमी ठेवलेला असतो. हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडरचा गोल किंचित बिघडतो. म्हणून हेडच्या जागी जाड टॉर्क प्लेट त्याच जोराने आवळून मग होनिंग करतात, म्हणजे सिलिंडर आतून बारीक घासतात. मेन बेअरिंगची रांग सरळ आहे का, हेड बसण्याचा पृष्ठभाग क्रँकशी समांतर आहे का, हेही मशीन शॉपमध्ये मोजून घेतात. शेवटी तेलाच्या वाटा ब्रशने घासून धुतात, कारण छिद्रे पाडताना उडालेला कीस तिथेच अडकून बसतो आणि पहिल्याच धावेत बेअरिंग खातो.