रीसायकल बिन रिकामा केला तरी...

परवा ऑफिसात पोपट झाला. मॅनेजर खुर्चीमागे उभा, त्याला रिलीज नोट्स हव्या होत्या. सर्चमध्ये 'आर ई' एवढंच टाइप केलं आणि पहिल्याच ओळीत 'रेझिग्नेशन_फायनल'! ती फाइल मी तीन आठवड्यांपूर्वी विचार बदलल्यावर उडवली होती. रीसायकल बिनसुद्धा रिकामा केला होता. गडबडीत त्याच नावावर क्लिक झालं, तर म्हणे फाइल सापडत नाही. मॅनेजर नुसतं "हं" म्हणाला.

मग शनिवारभर याच्याच मागे लागलो. दुखणं जुनं आहे, मंडळी. 1983 साली जेम्स वुड्सने युनिक्सवर फाइली झटपट शोधायची युक्ती मांडली. प्रत्येक वेळी अख्खी डिस्क धुंडाळायची नाही, सगळ्या नावांची यादी आधीच करून ठेवायची आणि शोध त्या यादीत घ्यायचा. त्यातून 'लोकेट' ही कमांड आली. यादी ताजी करायचं काम ठरावीक वेळी, बहुधा रात्री चालायचं. म्हणजे सकाळी उडवलेली फाइल दिवसभर यादीत जिवंत! लिनक्सवर आजही करून बघा. तिथे 'लोकेट'ला 'ई' हा पर्याय द्यावा लागतो, मग ती फाइल खरंच आहे का ते बघून उत्तर देते.

ऑक्टोबर 2004 मध्ये गूगल डेस्कटॉप आलं आणि प्रकरण नावापुरतं राहिलं नाही. ते मजकुराची प्रतही स्वतःजवळ ठेवायचं. फाइल उडवली तरी आतलं वाचता यायचं. चुकून डिलिट करणाऱ्यांना हे वरदान, आणि घरातला पीसी चौघांत वापरणाऱ्यांना? (सप्टेंबर 2011 मध्ये गूगलने ते बंद केलं.)

बरं, उडवलेली नोंद लगेच का काढत नाहीत? कारण इंडेक्स उलटा असतो. फाइलपुढे शब्द नाहीत, शब्दापुढे फाइली. माझ्या राजीनाम्यात दोनशे वेगळे शब्द असतील तर दोनशे याद्यांतून त्याचं नाव खोडायचं. म्हणून डग कटिंगच्या 1999 च्या ल्यूसीनसारख्या प्रणाली 'ही नोंद मेली' अशी नुसती खूण करतात आणि पुढे तुकडे एकत्र करताना सफाई उरकतात. खूण केली की शोधात ती दिसत नाही. पण फाइल गेल्याची खबरच पोचली नाही तर खूण करणार कोण? विंडोज 2000 पासून एनटीएफएस डिस्क अशा बदलांची रोजनिशी ठेवू शकते, 2005 च्या स्पॉटलाइटलाही मॅकची सिस्टिम बदल कळवते. तरी एखादी खबर हुकतेच.

उपाय एकच, सगळा इंडेक्स पाडून नव्याने बांधायचा. विंडोजमध्ये इंडेक्सिंग ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, रीबिल्ड. मॅकवर टर्मिनलमधून 'एमडीयूटिल'. मूळ फाइलींना धक्का लागत नाही, पण सर्च काही तास अर्धवट चालतो.

मी केलं रीबिल्ड. 'आर ई' टाकल्यावर आता शहाण्यासारख्या रिलीज नोट्स येतात. मॅनेजरचं सोमवारी अकराचं मीटिंग इन्व्हाइटही आलंय, विषयाची जागा कोरी.